बंडीला दोन चाकं

मी बोरगावचा. हे वाक्य उच्चारून मी आजवर कधी पुढच्या वाक्याकडं जाऊ शकलेलो नाही, कारण समोरचा लगेच विचारतो, "कोणतं बोरगाव?" त्याचंही बरोबर आहे. अकोल्याजवळ बोरगाव मंजू आहे, वर्ध्याला खेटून बोरगाव मेघे आहे, वाळव्याकडं एक बोरगाव आहे, साताऱ्याकडं एक, निपाणीकडं एक, सुरगाण्यात एक. बोरीचं झाड दिसलं की गाव वसवायचं आणि नावासाठी फार डोकं शिणवायचं नाही, असं आपल्या पूर्वजांचं धोरण दिसतं. आमचं बोरगाव मध्य प्रदेशात, सौंसर तालुक्यात. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागायचं, सावनेर मागं टाकायचं, राज्याची सीमा ओलांडायची. जिल्हा २०२३ पर्यंत छिंदवाडा होता, आता पांढुर्णा. म्हणजे जन्मभर घोकलेला पत्ता एके दिवशी सकाळी उठून चुकीचा झाला. १९९१ पासून इथं रेमंडची कापड गिरणी आहे, त्यामुळं "रेमंडवालं बोरगाव" म्हटलं की निदान नागपूरकरांच्या माना हलतात.

ज्या गावाचा पत्ता चार प्रश्न विचारल्याशिवाय सापडत नाही, तिथला मुलगा पुढं नागपुरात एका सॉफ्टवेअर कंपनीत नेमका प्रश्न विचारायच्याच कामाला लागला. क्लायंटला काय हवंय ते ऐकायचं, लिहायचं आणि डेव्हलपरला समजावायचं. या पदाला बिझनेस अॅनालिस्ट म्हणतात, थोडक्यात बीए. घरी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "इंजिनिअरिंग झाल्यावर मंग बीए कायले केलं?"

तर आमच्या हापिसात मध्यंतरी एक प्रोजेक्ट आपटलं. क्लायंटनं "रिपोर्ट" मागितला होता. आम्ही अठ्ठावीस कॉलमांचा, रंगीत आलेखांचा रिपोर्ट दिला. त्याला हवी होती एक पावती, गिऱ्हाइकाच्या हातात देता येईल अशी. तीन महिने गेले, मग एकमेकांकडं बोटं दाखवण्यात तीन आठवडे गेले, आणि शेवटी एचआरनं जाहीर केलं की आपल्यात संवाद कमी आहे. संवाद वाढवायला शनिवारी सगळ्यांना बोलावलं. शनिवारी बोलावल्यावर जो संवाद वाढला, तो इथं छापण्यासारखा नाही.

शिकवायला एक बाई आल्या होत्या. हातात शिट्टी, टेबलावर कागद, स्केचपेनं, दोऱ्याची गुंडी. पहिला खेळ कानगोष्टीचा. आपण लहानपणी खेळतो तोच, फक्त त्याला इंग्रजी नाव लावलं की त्याचे पैसे घेता येतात. एका टोकाला वाक्य सोडलं : "शुक्रवारी पाचच्या आत लॉगिनचं पान निळं करा." अकरा कान ओलांडून दुसऱ्या टोकाला निघालं : "शुक्रवारी पाचच्या आत निघा." गंमत म्हणजे अकरातल्या एकालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. केंब्रिजच्या बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९३२ सालच्या पुस्तकात हेच दाखवलं होतं. त्यानं अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा इंग्रज मंडळींना वाचायला दिली आणि आठवून लिहायला सांगितली. सांगता सांगता कथेतल्या झाडाच्या खोडाच्या होडक्याची साधी इंग्रजी बोट झाली. माणूस अनोळखी गोष्ट ओळखीची करूनच पुढं सरकवतो. आमच्या अकरा जणांना शुक्रवारी पाचला निघणं जास्त ओळखीचं होतं, एवढंच.

दुसऱ्या खेळात दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. चित्रवाल्यानं वर्णन करायचं, कागदवाल्यानं ते ऐकून काढायचं. कागदवाल्यानं तोंड उघडायचं नाही. माझा जोडीदार कोल्हापूरचा, नागपुरात येऊन आठच महिने झालेले. माझ्या हातात चित्र आलं ते बैलगाडीचं. बैल नव्हते, नुसती गाडी, एका झाडाखाली उभी केलेली. मी मनात म्हटलं, वा, हे तर घरचंच काम. आणि आत्मविश्वासानं सुरुवात केली.

"एक बंडी काढ. मोठी काढ, मधोमध."

मागून स्केचपेनाचा आवाज आला.

"तिला दोन चाकं काढ."

आवाज थांबला. चांगला दहा सेकंद थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण जरा दबक्या हातानं.

"चाकांना आरे काढ. बंडीच्या वर एक मोठं झाड काढ."

वेळ संपली, शिट्टी वाजली, चित्रं भिंतीला लावली. सगळ्यांच्या घरांना वाकडी छपरं होती, कुणाच्या माशाला पाय होते. आमच्या कागदावर मात्र एक व्यवस्थित शिवलेली बिनबाह्यांची बंडी होती. सदऱ्यावर घालतात ती. पुढं पाच बटणं, डाव्या छातीवर खिसा. खाली, कमरेच्या जागी, आऱ्यांची दोन चाकं. आणि गळ्यातून उगवलेलं डेरेदार आंब्याचं झाड.

"अरे, हे काय?" मी विचारलं.

"तूच सांगितलंस की," तो म्हणाला. "मला वाटलं, तुमच्याकडच्या बंडीला असतील चाकं."

त्यात खोडी नव्हती. विदर्भात आणि आमच्याकडं बंडी म्हणजे बैलगाडी हे त्याला माहीत नव्हतं, तसं त्याच्याकडं बंडी अंगात घालतात हे मी विसरलो होतो. पण मला खरं नवल वाटलं ते त्या दहा सेकंदांचं. कपड्याला चाकं कशी लागतील, ही शंका त्याला आली होती. त्यानं ती गिळली आणि चाकं काढली. वर परक्या मुलखाचा मान राखावा तशी सुबक काढली. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या कंपनीनं गेल्या चार वर्षांत बनवलेली सगळी सॉफ्टवेअरं तरळून गेली. एकूणएक चाकं लावलेल्या बंड्या.

बाईंनी मग नियम बदलला. आता विचारायला परवानगी. नवं चित्र आलं तसा तो पाठीमागून म्हणाला, "भावा, आधी एक सांग, ही घालायची का ओढायची?" या खेपेला चित्र बरोबर आलं, पण वेळ जवळजवळ दुप्पट लागला. हा खेळ काही बाईंच्या डोक्यातून निघालेला नव्हता. १९५१ मध्ये लेविट आणि म्युलर या दोन अमेरिकन संशोधकांनी याच धर्तीचा प्रयोग केला होता. सांगणारा आयतांची एक मांडणी तोंडी सांगणार, ऐकणारे ती कागदावर काढणार. एका खेपेला प्रश्नांना बंदी, दुसऱ्या खेपेला मुभा. प्रश्न विचारता आले तेव्हा वेळ जास्त लागला, पण आकृत्या जास्त बरोबर आल्या आणि काढणाऱ्यांना आपण बरोबर काढतोय याची खात्रीही जास्त होती. बंदी असली की ऐकणारे सांगणाऱ्यावर चिडत, अशीही त्यांची नोंद आहे. आमच्या टेस्टिंग विभागाचा स्वभाव मला त्या दिवशी शास्त्रीयदृष्ट्या समजला.

आता यात एक मेख आहे, आणि ती बाईंनी सांगितली नाही. हापिसात कुणाच्या तोंडाला कुणी कुलूप घातलेलं नसतं. मीटिंगच्या शेवटी "एनी क्वेश्चन्स?" असं विचारतातही. पण तो प्रश्न एक वाजायला पाच कमी असताना, लॅपटॉप मिटता मिटता विचारतात, आणि त्या वेळी जो हात वर करील त्याच्याकडं बाकीचे जेवायला उशीर करणाऱ्या पाहुण्याकडं बघावं तसे बघतात. शिवाय न कळलेला शब्द माणूस एकवेळ विचारतोही. बंडी, रिपोर्ट असले शब्द कुणाला विचारावेसे वाटणार? ते तर सगळ्यांना येतात. फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ मध्येच लिहून ठेवलं की सॉफ्टवेअर बनवण्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे नेमकं काय बनवायचं ते ठरवणं. तेव्हापासून संगणक केवढे वेगवान झाले! आता आपण नको ते पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर बनवू शकतो.

आणि हे फक्त नागपुरातच होतं असं समजून नागपूरकरांनी वाईट वाटून घेऊ नये. नासाचं मंगळाकडं गेलेलं एक यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोचताच हरवलं. इंजिनाच्या धक्क्याचे आकडे एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंडात देत होतं आणि दुसऱ्या बाजूचं न्यूटनात समजून घेत होतं. धक्क्याचा आकडा दोघांनाही येत होता, म्हणून तो कशात मोजलाय हे कुणी विचारलं नाही. आमच्या बाजारात कुणी नुसतं "वीस" म्हणालं तर समोरचा पहिल्यांदा विचारतो, "वीस काय? किलो का क्विंटल?" मंगळावर जाणाऱ्यांना बाजाराची सवय नसावी.

बोरगावात राहून ही सवय नाइलाजानं लागते. घरात मराठी, शाळेत हिंदी, पाटीवर हिंदी, भांडणात दोन्ही. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या तेव्हा आम्ही या बाजूला राहिलो आणि आमचे मामा त्या बाजूला. त्यामुळं आमच्याकडं शब्दांना दोन-दोन नागरिकत्वं आहेत. पहिलीत मी "शिक्षा विभाग" अशी पाटी वाचली आणि मला वाटलं, निदान हे लोक खरं बोलतात. पंचायतीच्या भिंतीवर "दावे-आपत्ति आमंत्रित हैं" असा कागद लागायचा. आजी म्हणायची, "आपत्ती बलावणं धाडून कायले बोलावते बापा, ते तं तशीच येते!" सगळ्यात धोक्याचा शब्द 'कल'. हिंदीत तो कालही असतो आणि उद्याही. आडतीवरच्या माणसानं फोनवर "कल गाड़ी आई" म्हटलं का "कल गाड़ी आएगी" म्हटलं, हे रेंज नसताना ऐकणाऱ्या शेतकऱ्याची संत्री झाडावरच राहायची किंवा रस्त्याच्या कडेला उन्हात वाळत बसायची.

भिंतीवरही तेच. आमच्या ओसरीत एका खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असतं, दुसऱ्याला जबलपूरचं लाला रामस्वरूप. पोळ्याचा दिवस एका कॅलेंडरात श्रावणातली अमावास्या असतो आणि दुसऱ्यात भाद्रपदातली, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. दिवस एकच, महिने दोन. बैलांना यातलं काही माहीत नसतं, म्हणून सण वेळेवर होतो.

त्याच पोळ्याला मी कोल्हापूरकराला घरी बोलावलं. "बोरगावला ये," एवढंच सांगितलं. हे मी सांगितलं, कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेल्या माणसानं. सकाळी अकराला त्याचा फोन : "भावा, पोचलो बघ. वर्ध्याजवळच आहे की!" बोरगाव मेघे. नागपूरच्या पाऊणशे किलोमीटर नैऋत्येला. आमचं गाव उत्तरेला. तो जेवणाच्या वेळेला आला तेव्हा बैलांची पूजा होऊन, त्यांना पुरणपोळी चारूनही झाली होती.

आई स्वैपाकघरात होती. कढीला उकळी आलेली. ती आतूनच म्हणाली, "सांबार संपला वाट्टे." उशीर केल्याची भरपाई म्हणून हा उठला. "काकू, मी आणतो, पायांत चप्पलच आहे." दुकान चाळीस पावलांवर. पाच मिनिटांत तो आला आणि विजयी मुद्रेनं आईच्या हातात एक पुडी ठेवली. सांबार मसाला, शंभर ग्रॅम. इडलीबरोबरच्या सांबाराचा.

आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर.

मी दुकानदाराला नंतर विचारलं, तेव्हा कळलं की त्याचा काहीच दोष नव्हता. पाहुण्यानं सांबार मागितलाच नव्हता. सांबार मसाला मागितला होता. आईनं मागितलं सांबार. दुकानात पोचलं सांबार मसाला. मधल्या चाळीस पावलांत 'मसाला' आला कुठून? पाहुणा म्हणाला, "अरे, दुकानात तयार सांबार कसा मिळंल? मी आपलं डोकं चालवलं." आमच्या धंद्यात याला व्हॅल्यू अॅडिशन म्हणतात आणि त्यावर बढती मिळते. आईनं पुडी निमूटपणे डब्यात ठेवली, परसातून चार काड्या सांबार खुडून आणला. तो परसात होता तर मग तिनं संपला का म्हटलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन गावभर. (त्याच दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. तिथं संदेश फार स्पष्ट असतो, पण तो खेळ एचआरला सुचवण्यासारखा नाही.) दुपारी ओसरीत सगळे रिकामे बसले होते, तेव्हा मला कार्यशाळेतला कागदाचा खेळ आठवला. प्रत्येकाच्या हातात एकसारखा चौकोनी कागद. डोळे मिटायचे, प्रश्न विचारायचे नाहीत. सांगणारा सांगेल : अर्धी घडी घाला, पुन्हा अर्धी घाला, उजवा कोपरा फाडा, कागद फिरवा, वरचा कोपरा फाडा. शेवटी कागद उघडले की एकाचंही भोक दुसऱ्यासारखं नसतं, आणि सगळे कसे थक्क होतात.

कोल्हापूरकर, दोन चुलतभाऊ, आई, सगळे डोळे मिटून बसले. आजीच्या हातात कागद दिला.

"अर्धी घडी घाला," मी म्हणालो.

"उभी का आडवी?" आजी.

"आजी, विचारायचं नाही. खेळाचा नियम आहे."

"मंग मी घालत नाही."

"अगं, कशीही घाल."

"कशीही घातली तं कशीही होईन. मंग तू म्हणशीन बुढीले समजत नाही." तिनं एक डोळा उघडला. "तुह्या हातातला दाखव पह्यले."

आजीचा खेळ पुढं सरकेना. बाकीच्यांचे दोन घड्या घालून कोपरे फाडून झाले, तरी आजीचा कागद कोरा करकरीत होता. आमच्या कार्यशाळेत चौतीस शिकलेले लोक होते. सगळ्यांनी मुकाट्यानं फाडले होते. आजीनं तो कागद नीट घडी करून उशाखाली ठेवला आणि संध्याकाळी त्यात शेंगदाणे बांधून पोरांना दिले.

एवढं सगळं बघितल्यावर मी हुशार झालो, असं मला वाटलं. त्या वर्षी काकांना संत्र्याच्या हिशोबासाठी मोबाइलवर काहीतरी करून हवं होतं. आमचा बगिचा काही मोठा नाही, पण आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की व्यापाऱ्याची माणसं येतात, रोज गाडी भरते, आणि किती माल गेला नि इसाराचे सोडून किती पैसे यायचे राहिले, हे काका सिगरेटच्या पाकिटावर लिहितात. पाकीट संपलं की हिशोबही संपतो. मी ठरवलं, या वेळी सगळं रीतसर करायचं. काकांसमोर वही घेऊन बसलो आणि प्रश्न विचारले. गाडी कोणाची? तारीख कोणती धरायची, भरल्याची का निघाल्याची? भाव ठरलेला का रोज वेगळा? 'कल' म्हणजे काल का उद्या? काका दहाव्या प्रश्नाला म्हणाले, "तू पोलिसात काऊन नाही गेला?" पण मी सोडलं नाही. अगदी सांबार राहू नये म्हणून एकूणएक शब्द तपासला.

मग सगळं इंग्रजीत लिहून हैदराबादच्या एका मित्राला दिलं. तो सुट्टीच्या दिवशी असली कामं हौसेनं करतो. आठवड्यात त्यानं छान अॅप बनवलं. नारिंगी रंगाचं. काकांना शिकवलं, त्यांनी चष्मा लावून दोन बोटांनी पहिली नोंद केली आणि म्हणाले, "जमलं."

दिवाळीला घरी गेलो तेव्हा नोंदी उघडून बघितल्या. प्रत्येक दिवशी तीच ओळ सात-सात, आठ-आठ वेळा. कॅरेट चोवीस. कॅरेट चोवीस. कॅरेट चोवीस. शेवटी कॅरेट बारा. मला वाटलं, बटण अडकलंय, एकच नोंद पुन्हा पुन्हा जातेय.

कॅरेट म्हणजे संत्री भरायचा प्लास्टिकचा जाळीचा खोका. बाजारात सगळे कॅरेटच म्हणतात. मीही जन्मभर म्हणत आलो. इंग्रजीत लिहायची वेळ आली तेव्हा कानाला जे बरं वाटलं ते स्पेलिंग लिहून मोकळा झालो, आणि ते निघालं सोन्याचं कॅरेट. हैदराबादच्या मित्राला फोन केला. त्यानं मन लावून काम केलं होतं बिचाऱ्यानं : चोवीसच्या वरचा आकडा घ्यायचा नाही, अशी अट घालून ठेवली होती. "नागपूर ऑरेंज हे दागिन्याच्या डिझाइनचं नाव असेल असं मला वाटलं," तो म्हणाला. "तुझे काका सराफ नाहीत?"

मी काकांकडं वळलो. "काका, एका गाडीत एकशे ऐंशी कॅरेट गेले, तर एकशे ऐंशी का नाही टाकले?"

"टाकले होते. लाल होते ना ते. चोवीसच्या वर गेलं का लाल होते. मंग चोवीस-चोवीसचे सात टाकतो आन् वरचे बारा."

"अहो, मग मला फोन नाही का करायचा?"

"त्यात फोन काय करायचा," काका म्हणाले. "मले वाटलं, मोबाइलले तेवढंच झेपते."

त्याच रात्री मित्रानं अट काढून टाकली. आता त्यात लाखभर कॅरेट टाकले तरी चालतात. काका अजून चोवीस-चोवीसच टाकतात.